बैलाची झूल आणि धुरकऱ्याचा सदरा

पोळ्याच्या दिवशी विदर्भातल्या गावाच्या आखरावर जे दिसते ते पाहणाऱ्याला सहसा बैलच दिसतात, आणि त्यात गैर काही नाही, कारण तो दिवस त्यांचाच असतो. आदल्या दिवशी त्यांचे खांदे शेकलेले असतात, तूप-हळदीने मळलेले असतात. शिंगांना रंग आणि बेगड, कपाळावर बाशिंग, गळ्यात घागरमाळा, पाठीवर नक्षीची झूल. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांग लागते, झडत्या म्हटल्या जातात, मानकरी तोरण तोडतो आणि पोळा फुटतो. मग बैल मारुतीला जातात, घरोघर ओवाळले जातात, आणि त्यांना घेऊन येणाऱ्या माणसाच्या हातावर बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, पडतो. याच सणाला, वर्षभर त्या बैलांची निगा राखणाऱ्या बैलकऱ्याला मालकाकडून नवे कपडे देण्याचा रिवाज आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातल्या गुराख्यांच्या, गाडीवानांच्या आणि शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, धुरकऱ्यांच्या पोशाखाकडे व कामाच्या रीतींकडे पाहायचे तर सुरुवात या शेवटच्या गोष्टीपासून करावी असे मला वाटते. गुरांमागे राबणाऱ्या माणसाच्या अंगावर काय असते याचा विचार आपण फारसा केलेला नाही. आणि त्याचे कारण त्याचे कपडे साधे होते हे नाही. ते कपडे दुसऱ्याने दिलेले होते, हे आहे.

आधी ही माणसे कोण ते नीट सांगायला हवे, कारण बाहेरच्या वाचकाच्या डोळ्यासमोर 'गुराखी' या एकाच शब्दाने एकच आकृती येते. गावातल्या सगळ्या घरांची गुरे सकाळी आखरावर गोळा करून ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईच्या, जमिनीवर किंवा जंगलाच्या कडेला चरायला नेणारा तो गायकी, कुठे त्याला ढोरकी म्हणतात. त्याला प्रत्येक घराकडून जनावरामागे ठरलेले पैसे किंवा धान्य मिळते. एका शेतकऱ्याकडे गुढीपाडव्यापासून पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत बांधलेला तो सालगडी किंवा सालदार. वखरणी, डवरणी, बैलांचे वैरण-पाणी ही त्याची कामे, आणि बैलांपुरता तोच बैलकरी. बैलबंडी हाकणारा, आणि पटाच्या दिवशी छकड्यावर उभा राहणारा तो धुरकरी. एकाच माणसाने आयुष्यात या तिन्ही भूमिका केल्या असेही होते. वर्धा नदीच्या या काठावर कापसाचे पीक मुख्य आहे, आणि कापसाच्या दोन ओळींमधून डवरा चालवायचा तर बैलांच्या तोंडाला मुसके बांधून, कासरा एका हातात आणि रुमणे दुसऱ्या हातात धरून, पिकाचे एक रोपही न मोडता तास काढावे लागते. ही कसबाची गोष्ट आहे आणि ती दिवसचे दिवस चालते.

या कामाने जो पोशाख घडवला तो थोडक्या वस्तूंचा आहे, पण प्रत्येक वस्तूमागे विचार आहे. गुडघ्यावर येणारे धोतर, कारण डवरणीत ओल्या पराटीत आणि काळ्या चिखलात लांब कापड टिकत नाही. अंगात खिशांची बंडी, कारण तंबाखूची चंची आणि बिड्या-काडेपेटी कोरडी राहायला हवी. डोक्याला पागोटे किंवा दुपट्टा. यवतमाळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्या उन्हात दुपट्टा हे डोके झाकण्याचे कापड असतेच, शिवाय त्यातच शिदोरी बांधली जाते, घाम पुसला जातो, अडलेल्या वासराला ओढायला तोच दोरीसारखा वापरला जातो आणि रानात व्यालेल्या गाईचे पाडस त्यातच गुंडाळून घरी आणले जाते. पावसाळ्यात घोंगडीची खोळ, आणि घोंगडी परवडेनाशी झाली तेव्हा तागाच्या पोत्याचे एक टोक आत दाबून केलेली खोळ. आज तिची जागा प्लॅस्टिकने घेतली आहे, पण घडी घालण्याची पद्धत तीच राहिली. पायात गावच्या चांभाराने शिवलेल्या जाड तळाच्या वहाणा, बाभळीच्या काट्यासाठी. खांद्यावर कुऱ्हाड, कारण उन्हाळ्यात चारा संपला की गुरांसाठी डहाळे पाडावे लागतात. हातात काठी. आणि बैलबंडीवर असेल तर पराणी, जिला वऱ्हाडात तुतारी म्हणतात. हे सगळे वर्णन मी मुद्दाम वस्तूनिहाय केले, कारण 'साधा शेतकरी वेश' या दोन-तीन शब्दांत ते गुंडाळण्याची आपल्याला सवय लागली आहे.

आता अमेरिकेतल्या काउबॉयकडे पाहू. त्याची तुलना ओढूनताणून आणलेली नाही. जगात गुरांमागे राबणाऱ्या मजुरांपैकी ज्याचा पोशाख सर्वांत प्रसिद्ध झाला तो हाच, आणि तो मजूरच होता हे पहिल्याने लक्षात घ्यायला हवे. अमेरिकी यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर टेक्ससमधली गुरे उत्तरेकडच्या रेल्वेस्थानकांपर्यंत हाकत नेण्याचा जो धंदा उभा राहिला तो जेमतेम वीस वर्षे टिकला. काटेरी तारेने कुरणे बंद झाली आणि १८८६-८७ च्या कडक हिवाळ्यात गुरे मोठ्या संख्येने मेली. दोन-अडीच हजार गुरांच्या एका कळपामागे दहा-बारा माणसे असत, महिन्याला ३०-४० डॉलर मजुरीवर. त्यांत काळे होते, मेक्सिकन होते. मजुरी वाढावी म्हणून १८८३ मध्ये टेक्ससच्या पॅनहँडल भागात काउबॉयनी संप केला आणि तो फसला. त्यांचे बहुतेक कसब आणि बहुतेक साधने मेक्सिकोच्या 'वाकेरो' गुराख्यांकडून आलेली. फासा, मांड्यांवरचे चामडी आवरण, उंच शिंगाचे खोगीर हे सारे तिकडचे. जॉन स्टेटसन यांनी रुंद काठाची टोपी १८६५ मध्ये विकायला काढली, आणि कापडाच्या जोडांना तांब्याचे रिबिट मारलेल्या विजारीचे पेटंट जेकब डेव्हिस व लेव्ही स्ट्रॉस यांना १८७३ मध्ये मिळाले. बुटाची टाच उंच, कारण रिकिबीतून पाय आरपार घसरला तर माणूस घोड्यामागे फरफटत जातो. म्हणजे पोशाखाच्या प्रत्येक भागाला कामाचे कारण आहे, जसे आपल्या दुपट्ट्याला आणि खोळीला आहे. तरीही एक जगाच्या दुकानात गेला आणि दुसरा आखराच्या पलीकडे गेला नाही.

या फरकाचे माझे उत्तर व्यवहाराच्या एका तपशिलात आहे. कळपाबरोबर जाणाऱ्या काउबॉयला घोडे मालक देई. खोगीर मात्र त्याचे स्वतःचे असे. टोपी, बूट, रुमाल तो आपल्या मजुरीतून, आपल्या पसंतीने घेई. महिन्याच्या मजुरीचा मोठा भाग एका टोपीत घालणारा मजूर वेडा नव्हता. ज्या वस्तूवर आपला जीव आणि आपली ओळख अवलंबून आहे ती तो निवडत होता, कारागिराशी घासाघीस करत होता आणि टोपीचा काठ आपल्या हातांनी वळवून घेत होता. राळेगावच्या सालगड्याच्या करारात मात्र धान्य, रोख, कपड्याचा जोड, पायातली वहाण यांची बेरीज असे. कापड कोणते, किती वार, कधी, हे देणाऱ्याच्या हाती. दिलेले कापड अंगावर घालणाऱ्याला त्याचा कृतज्ञतेने उल्लेख करावा लागतो. त्याची ऐट मिरवता येत नाही. सणाच्या दिवशी बैलाला झूल आणि बैलकऱ्याला सदरा एकाच हातातून मिळतो, आणि झूल अधिक देखणी असते, कारण तिच्यावर मालकाची प्रतिष्ठा झुलत असते.

हे अनुमान तपासायला लांब जावे लागत नाही. यवतमाळ जिल्ह्यातच गुरांच्या जिवावर जगलेला एक समाज आहे, ज्याचा पोशाख सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. बंजारा बायांचा आरशांचा फेटिया, कांचळी, दंडभर बलया यांची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. बंजारे शेकडो वर्षे पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचे तांडे घेऊन धान्य आणि मीठ यांची लदेणी करत होते. बैल त्यांचे, व्यापार त्यांचा, तांड्याचा नायक त्यांचा. रेल्वेने लदेणी मोडली आणि तांडे स्थिरावले, पण पोशाख कोणाच्या देण्यावर उभा नव्हता म्हणून तो धंद्यानंतरही टिकला. याच समाजातल्या, पुसदच्या वसंतराव नाईकांनी १९६३ ते १९७५ एवढा काळ राज्याचे मुख्यमंत्रिपद सांभाळले, त्या काळात तर त्या समाजाचा वेश अभिमानाची खूण झाला. दुसरे उदाहरण कच्छकडून विदर्भात गाई घेऊन आलेल्या रबारींचे. कळप स्वतःचा असल्यामुळे परमुलखातही त्यांच्या अंगावर त्यांचे पांढरे अंगरखे आणि पागोटी राहिली. नदीपलीकडे आर्वी, कारंजा, आष्टी या भागांत गवळाऊ ही पांढरी, चपळ जात सांभाळणाऱ्या नंदगवळ्यांचेही तेच: जनावर त्यांचे, म्हणून आब त्यांचा. काम एकच, प्रदेशही जवळजवळ एक. मालकी बदलली की पोशाखाचे भाग्य बदलते.

यावर पहिली हरकत अशी निघेल की काउबॉय घोड्यावर बसे आणि गायकी पायी चालतो. उंचावर बसलेल्या माणसाकडे लोक मान वर करून पाहतात, यात मालकीचा काय संबंध? हरकत वजनाची आहे. पण मेक्सिकोचेच उदाहरण तिला अडवते. वसाहतीच्या आरंभी स्पॅनिश सत्तेने तिथल्या मूळ रहिवाशांना घोड्यावर बसायलाच बंदी केली होती. पुढे गुरे वाढली, माणसे कमी पडली आणि नाइलाजाने त्यांना खोगिरावर चढवावे लागले. तो वाकेरो घोड्यावर होता, कसबात काउबॉयचा गुरू होता, तरी जमीनदाराच्या हासिएंडाचा कर्जात रुतलेला गडी म्हणून त्याच्याकडे कोणी मान वर करून पाहिले नाही. मेक्सिकोत घोडेस्वाराचा 'चारो' वेश राष्ट्राची खूण झाला तो १९१० च्या क्रांतीनंतर. घोडा उंची देतो. प्रतिष्ठा वेगळ्या ठिकाणाहून येते.

दुसरी हरकत अधिक पटणारी आहे. काउबॉयची प्रतिमा बफेलो बिलच्या १८८३ पासूनच्या खेळांनी, स्वस्त कादंबऱ्यांनी, हॉलिवूडने आणि कापड कंपन्यांनी बनवली. प्रत्यक्ष मजुराचा तिच्याशी संबंध थोडाच. हे मला मान्य आहे, आणि त्या प्रतिमेने काळ्या व मेक्सिकन काउबॉयना पडद्यावरून पुसून टाकले हेही खरे. पण या प्रतिमेच्या बाजारात मजुरांनी काय केले तेही पाहावे. गुरे हाकण्याचा धंदा संपला आणि रोडिओचे, म्हणजे काउबॉयच्या कसबाच्या खेळांचे, आखाडे भरू लागले: प्रेस्कॉटला १८८८, शायेनला १८९७. तिकिटांचा पैसा आयोजकांकडे जाई आणि हाडे मोडत ती स्वाराची. शेवटी १९३६ मध्ये बॉस्टनच्या आखाड्यात स्वारांनी खेळायला नकार दिला. आपण भरलेले प्रवेशशुल्क बक्षिसाच्या रकमेत मिळवा, एवढी त्यांची मागणी होती, आणि ती मान्य झाली. त्या नकारातून त्यांची संघटना जन्मली, जी आज व्यावसायिक रोडिओ स्वारांची मुख्य संस्था आहे. पुढे १९८९ मध्ये शायेनच्याच मैदानावर लेन फ्रॉस्ट हा बैलस्वार बैलाच्या धडकेने मेला, तेव्हा त्याचा साथी कोडी लँबर्ट याने स्वारांसाठी छातीचे संरक्षक जाकीट तयार केले. जाकीट स्वाराने स्वारासाठी बनवले म्हणून ते आखाड्यात टिकले. प्रतिमा बाजाराने केली असेल; तिच्या आत राहून आपला हिस्सा आणि आपला जीव मागण्याची जागा मात्र त्या माणसांनी स्वतः मिळवली.

आपल्याकडचा आखाडा म्हणजे शंकरपट. राळेगावपासून फार दूर नसलेल्या, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट विदर्भभर नावाजलेला आहे. एरवीही सुगी संपली की गावोगावच्या मोकळ्या रानात पट भरतात. हलका छकडा, दोन बैल, वर एक धुरकरी. कुठे एका जोडीची वेळ घड्याळात मोजतात, कुठे दोन जोड्या शेजारी सुटतात. ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेने बैलाला खेळाच्या प्राण्यांतून वगळले, ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला, १६ डिसेंबर २०२१ ला अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. या साऱ्या वादात बैलाची बाजू मांडणारे होते, मालकाची आणि परंपरेची बाजू मांडणारे होते. बैलाची बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे मला बरेचसे योग्य वाटते. पराणी टोचून, शेपटी पिरगाळून पळवलेल्या बैलात कसली परंपरा? नियमांनी काठी-चाबूक बंद केले, धावेला १,००० मीटरची मर्यादा घातली, हे चांगलेच झाले. खरा धुरकरी आवाजाने आणि कासऱ्याने हाकतो. पण त्या सगळ्या वर्षांत धुरकऱ्याबद्दल कोणी काही बोलले का? जोडी ओळखली जाते ती मालकाच्या आणि बैलांच्या नावाने. भरधाव छकड्यावर अनवाणी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या डोक्याला फेटा असतो, तोही बहुधा जोडीच्या मालकाने बांधलेला.

इथे कोणी म्हणेल की हा सगळा मानापमानाचा सूक्ष्म विचार झाला. उपाशी माणसाला पोशाखाची चर्चा काय कामाची? यवतमाळ जिल्ह्याने याचे उत्तर २०१७ च्या पावसाळ्याअखेर दिले आहे. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मेले, शेकडो रुग्णालयात गेले. त्या वर्षी पराटी माणसाच्या उंचीपर्यंत वाढली होती आणि फवारा तोंडावर, छातीवर येत होता. मेलेल्यांत मजुरीने फवारणी करणारे होते, म्हणजे तेच हात जे आषाढात डवरा धरतात. त्यांच्या अंगावर रोजचेच कपडे होते. नंतर संरक्षक पोशाख वाटले गेले, आणि मजूर ते घालत नाहीत अशी तक्रारही झाली. दमट उन्हात, पाठीवर पंप घेऊन, हवा न खेळणाऱ्या कोटात दिवसभर चालून पाहिले तर ती तक्रार कोणाविरुद्ध करायची ते कळेल. तो कोट घालणाऱ्याला विचारून शिवलेला नव्हता. पोळ्याच्या सदऱ्यापासून फवारणीच्या कोटापर्यंत रीत एकच: देणारा ठरवतो, घेणारा घालतो. फक्त दुसऱ्या वेळी त्या रीतीची किंमत जिवाने मोजली गेली.

गायक्याची गोष्टही अशीच. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात टी-१ वाघिणीच्या नावावर तेरा माणसांचे मृत्यू नोंदले गेले; २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला मारण्यात आले आणि त्यावर देशभर वाद झाला. मेलेल्यांत गुरे चारायला गेलेले होते. एकट्याने रानात जाऊ नका, अशा सूचना गावांना होत्या. पण गायकी एकटाच जातो, कारण त्याच्या मजुरीत दुसरा माणूस बसत नाही. वाघिणीवर लेख आले, पुस्तके आली, चित्रपट आला. गायक्याच्या हातातल्या कुऱ्हाडीखेरीज त्याच्याजवळ त्या रानात काय असायला हवे होते, हा प्रश्न त्या वादात शेवटपर्यंत कोपऱ्यात राहिला.

सर्वांत अवघड हरकत मी शेवटी ठेवली आहे, कारण तिचे पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. गुरे राखणे हे काही निवडलेले काम नव्हते. ते जातीने आणि गरिबीने वाट्याला आले. शाळेच्या वयाची पोरे त्यात अडकली. विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखणारा गोवारी समाज आपल्या हक्कांसाठी २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपूरच्या विधानभवनावर गेला आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली, बहुतेक बाया आणि मुले. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचे मानले, सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० ला तो निर्णय रद्द केला. अशा इतिहासासमोर घोंगडी-पागोट्याचे कौतुक करणे क्रूर ठरू शकते. शहरातल्या लग्नात हौसेने गुराख्याचा वेश करणे, हॉटेलच्या दारात मुंडासे बांधलेला माणूस उभा करणे, हे तसे कौतुक आहे आणि मला ते सहन होत नाही. पण नोंद न करणे हा त्यावरचा इलाज नव्हे. ज्याच्या कामाची साधने, युक्त्या, धोके कोणी लिहून ठेवत नाही, त्याचे काम अकुशल ठरते, आणि अकुशल ठरले की मजुरीही त्याच दराने ठरते. डवऱ्याचे तास सरळ काढणारा सालगडी सरकारी तक्त्यात ज्या रकान्यात बसतो तो पाहिला म्हणजे हे पटेल.

वेळही फार उरलेला नाही. राज्यातली गाई-बैलांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत दीड कोटीच्या वर होती, ती २०१९ मध्ये १ कोटी ४० लाखांच्या आत आली. लहान ट्रॅक्टर आणि तणनाशक यांनी डवरणी कमी केली. ई-क्लास जमिनींवर अतिक्रमणे झाली, त्यातली काही भूमिहीनांचीच आहेत आणि त्यांना हुसकावून गायक्याचे भले करता येईल असेही नाही. म्हातारा बैल विकता येईनासा झाल्यावर नवा बैल घेण्याचे धाडस लहान शेतकरी करत नाही. बैल कमी झाले की बैलकरी आपोआप कमी होतो. म्हणून या माणसांच्या नोंदी करताना क्रम उलटा धरावा असे मी सुचवतो. झूल, मखर आणि झडत्या यांवर आपल्याकडे बरेच लिहिलेले आहे. त्या मागे ठेवाव्यात. आधी गायक्याला विचारावे की पोत्याची खोळ कशी घडवतात आणि कोणत्या कापडाची चांगली; सालगड्याला विचारावे की कराराच्या कपड्यात त्याला स्वतः निवडायला मिळाले असते तर त्याने काय घेतले असते आणि फवारणीच्या कोटाचे कोणते बंद त्याने कापून टाकले; धुरकऱ्याला विचारावे की छकडा उलटतो तेव्हा पहिला मार कुठे बसतो. आणि उत्तराखाली बैलजोडीच्या मालकाचे नाव घालण्याआधी, उत्तर देणाऱ्याची हरकत नसेल तर, त्याचे घालावे.